लाकडातला तितर

लाव्याच्या पायाला बोटं किती? प्रश्न पोरकट वाटेल, पण लाकडातून पक्षी कोरायला बसलेल्या माणसाला तो लवकरच पडतो. लाव्याला चार बोटं असतात, तीन पुढे आणि एक मागे. त्याच गवतात, जवळपास त्याच आकाराचा आणि त्याच मातकट रंगाचा आणखी एक पक्षी फिरतो. इंग्रजीत त्याला बटनक्वेल म्हणतात. त्याला मागचं बोट नसतंच. शिवाय त्याच्या संसाराचा कारभार उलटा. मादी नराहून मोठी आणि जास्त रंगीत, नरासाठी इतर माद्यांशी भांडणारी तीच, आणि अंडी घालून झाली की उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराच्या गळ्यात. कोरणाऱ्याने चार बोटं केली तर लावा, तीन केली तर बटनक्वेल. चार बोटं करून वर बटनक्वेलचे रंग दिले, तर तो पक्षी जगात कुठेच नाही.

जिवंत वाटेल असा लाकडी पक्षी करणं म्हणजे अशा बारीकसारीक गोष्टींशी झटणं. त्यातही शिकारीचे पक्षी, म्हणजे तितर, लावा, रानकोंबडा, चकोत्री, पखुर्डी आणि हिवाळ्यात तळ्यावर उतरणारी बदकं, हा या कलेचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात अवघड प्रांत. पोपट हिरवा केला, चोच लाल केली की ओळखू येतो. तितर तसा ओळखू येत नाही. त्याचा सगळा रंग लपण्यासाठीच आहे.

राजूर म्हटलं की यवतमाळ जिल्ह्यात लोकांना आधी कोळशाची खाण आठवते, मग चुनाभट्ट्या. वणी तालुक्यातल्या या गावाची ओळखच राजूर कॉलरी अशी. पण खाण आणि भट्टी सोडून थोडं बाहेर पडलं की कापूस, तूर, सोयाबीनची काळी शेतं लागतात आणि शेतांच्या मधल्या धुऱ्यांवर बोरी-बाभळीची झुडपं. तितराचं घर ते. सकाळी एक नर ओरडायला लागला की दुसऱ्या धुऱ्यावरून त्याला उत्तर येतं आणि मग अर्धा तास कोणी माघार घेत नाही. आवाज सगळ्यांना माहीत, पक्षी मात्र फार थोड्यांनी नीट पाहिलेला. दिसतो तो पळताना, नाहीतर पायाखालून भर्रकन उडताना.

लाकूडकामाची या भागाला नवलाई नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. पोरं चाकं लावलेले लाकडी नंदी सजवून, दोरी धरून गावभर ओढत नेतात आणि घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. त्याआधीचे पंधरा दिवस बाजारात लाकडी बैलांच्या रांगा लागलेल्या असतात. तळहातावर मावणाऱ्यापासून पोराच्या कमरेला लागणाऱ्यापर्यंत सगळ्या मापाचे. यातले चांगले नंदी जरा निरखून पाहावेत. रंगाचा भडकपणा आणि शिंगांवरची बेगड बाजूला ठेवली तर वशिंडाचा उठाव, मानेखालची पोळी, पुढच्या पायावर आलेला भार, हे सगळं बिनचूक असतं. कारण उघड आहे. करणाऱ्याने बैल जन्मभर पाहिलेला असतो, हात फिरवून पाहिलेला असतो, कदाचित जुंपलेलाही असतो. त्याच सुताराला तितर करायला सांगितला तर त्याची पटाशी अडते. हाताचं कौशल्य तेवढंच आहे, पण डोळ्याला पक्ष्याची ओळख नाही.

ती ओळख ज्यांच्याकडे होती ते लोक वेगळे. वऱ्हाडातले फासेपारधी तितर-लावे धरण्यात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज. घोड्याच्या केसांचे बारीक फास एका ओळीत, बांबूच्या खुंट्यांना बांधून झुडपांच्या मधोमध लावायचे आणि जवळ पिंजऱ्यात एक पाळलेला नर तितर ठेवायचा. तो ओरडला की रानातला नर आपल्या हद्दीत कोण घुसलं म्हणून चवताळून यायचा आणि फाशात पाय अडकवून घ्यायचा. फास कुठे लावायचा हे कळायला पक्षी कुठून येतो, कसा चालतो, थबकतो तेव्हा मान कुठे ठेवतो हे पाठ असावं लागतं. पारध्यांना ते पाठ होतं. ब्रिटिश काळात पारधी समाजावर गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का बसला. 1952 साली तो कायद्यातून निघाला, पण पोलिसांच्या आणि गावकऱ्यांच्या नजरेतून निघायला त्याहून फार जास्त वेळ लागतो आहे. वाशीम-अकोला भागात संवेदना ही संस्था याच समाजाला बरोबर घेऊन गवताळ रानं आणि तिथला तणमोर राखण्याचं काम करते. फास लावण्यासाठी कमावलेलं ज्ञान तिथे पक्षी टिकवण्यासाठी वापरलं जातं. रानातल्या माणसांकडची पक्ष्यांची नावं आणि माहिती मराठीत पुस्तकात आणण्याचं मोठं काम वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्ली यांनी केलं. त्यांचा ‘पक्षिकोश’ लाकडी पक्षी करू पाहणाऱ्याच्याही उशाशी असावा असा आहे.

शिकाऱ्याला पक्षी जितका कळतो तितका क्वचितच कोणाला कळतो, हे जुन्या इंग्रज अंमलदारांकडे पाहिलं तरी पटतं. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपल्याला शाळेपासून माहीत, 1885 साली काँग्रेस स्थापन करण्यात पुढाकार घेणारा इंग्रज म्हणून. त्याच ह्यूमने सी. एच. टी. मार्शल यांच्यासह भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनमधल्या शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंडांचा ग्रंथ 1879 ते 1881 या काळात काढला, आणि ज्या वर्षी काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं त्याच वर्षी आपला पक्ष्यांचा प्रचंड संग्रह, कातडी आणि अंडी मिळून 82 हजारांच्या आसपास नमुने, ब्रिटिश म्युझियमला दिला. एवढे पक्षी मारून गोळा केले हे आज वाचताना अंगावर काटा येतो. तरीही मापं, रंग, प्रदेशाप्रदेशातले फरक यांची नोंद झाली ती तिथूनच.



यवतमाळच्या माणसाला लाकडी पक्षी पाहायला फार लांब जावं लागत नाही. पांढरकवडा, पाटणबोरी मागे टाकून पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद आणि त्याच रस्त्याने पुढे घाट उतरून निर्मल. नदीच्या दोन्ही काठांवर मराठी आणि तेलुगू एकमेकींत मिसळलेल्या, सोयरिकी इकडून तिकडे. निर्मलचे नक्काश लाकडाची फळं, भाज्या, प्राणी आणि पक्षी करतात. त्यांचं लाकूड पोनिकी, वजनाला इतकं हलकं की हातात घेतल्यावर आत पोकळ आहे की काय असं वाटावं. ते अखंड ओंडक्यातून कोरून काढत बसत नाहीत. धड वेगळं, डोकं वेगळं, पंख वेगळे असे भाग करून चिंचोक्याच्या खळीने जोडतात. चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांचा लगदा सांध्यांत भरतात, त्याने आकारही गोलावतात. मग पांढऱ्या मातीचा हात, घासणं, आणि शेवटी रंग. पूर्वी झाडपाल्याचे आणि खनिजांचे रंग होते, आता चकचकीत ड्युको.

चकचकीत या शब्दापाशी थोडं थांबायला हवं. निर्मलचा पक्षी दिवाणखान्यात शोभतो कारण त्याच्यावर उजेड चमकतो. सावंतवाडीच्या चितार आळीतली पांगाऱ्याच्या लाकडाची फळंही अशीच. आंबा, केळं, सीताफळ लांबून खरं वाटतं आणि त्या फळांना चकाकी शोभतेही. पक्ष्याला ती शोभत नाही. तितराच्या पाठीवर उजेड पडला की तो पिसांत मुरतो. म्हणून खेळण्यातला पक्षी आणि रानातला वाटावा असा पक्षी यांच्यातला पहिला फरक रंगाच्या डब्यातच असतो. एक चकाकतो, दुसरा चकाकता कामा नये.

हे ज्यांनी आधी ओळखलं ते कलावंत नव्हते. त्यांना बदक खायचं होतं.

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात लव्हलॉक नावाची गुहा आहे. 1924 साली तिथे उत्खनन करताना पाणवनस्पतींच्या पात्यांपासून वळलेली अकरा बदकं सापडली. काहींवर खरी पिसं बांधलेली, काही रंगवलेली, आणि वय सुमारे दोन हजार वर्षं. पाण्यावर ती तरंगत ठेवायची आणि आपल्याच जातीचे पक्षी बसलेत असं समजून वरून जाणारा थवा खाली उतरला की गाठायचा, ही युक्ती. आपल्याकडे याच कामाची दुसरी तऱ्हा होती. तळ्यात काही दिवस रिकामी मडकी तरंगत सोडायची. बदकांना त्यांची सवय झाली की एक दिवस शिकारी स्वतः डोक्यावर मडकं घालून गळ्यापर्यंत पाण्यात शिरायचा आणि पाण्याखालून पाय धरून एकेक बदक ओढून घ्यायचा. लाकूड नको, रंग नको, कुंभाराचं मडकं पुरे.

युरोपातून अमेरिकेत गेलेल्यांनी मूळ रहिवाशांची ही कल्पना उचलली आणि पाइन, सीडर अशा लाकडांत बदकं कोरायला सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी पाणपक्ष्यांची शिकार हा मोठा धंदा झाला तेव्हा एकेका शिकाऱ्याकडे अशा लाकडी बदकांचे ढीग असत. त्यांना डिकॉय म्हणतात. तळाला शिशाचं वजन, म्हणजे लाट आली तरी उलटणार नाही. नाकाजवळ दोरी बांधायला खिळा. पिसं जवळपास नाहीतच. रंगाचे मोठे पट्टे, डोक्याचा आकार बरोबर, झालं काम. आणि खरी बदकं उतरत.

कलेच्या दृष्टीने इथे मोठी गंमत आहे. पक्ष्याला फसवायला पीसन्‌पीस कोरावं लागत नाही. त्याला दिसते ती बसण्याची तऱ्हा. बदक निवांत असलं की मान आखडून बसतं, चोच छातीशी नेतं, कधी पाठीवर मान वळवून झोपतं. धोका वाटला की मान ताठ उभी करतं. म्हणून जुने कोरणारे बहुतेक लाकडी बदकांची मान खाली ठेवत. सगळे माना उंचावून बसलेत असा देखावा वरून दिसला तर येणारा थवा फिरून निघून जातो, बदकं कितीही सुबक असली तरी. रंगाला चकाकी असली तरी तोच परिणाम. शिवाय पक्ष्यांना आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश दिसतो. त्यामुळे माणसाला हुबेहूब वाटणारा रंग बदकाला भलताच दिसू शकतो.

माणसाचं उलटं. माणूस आधी पिसं मोजतो. एकेक बारीक रेघ पाहून वाहवा करतो आणि मानेचा बाक चुकलेला त्याच्या लक्षातही येत नाही. फक्त काहीतरी खटकत राहतं. या कलेतले खरे उस्ताद दोन्ही परीक्षांना उतरतात, आणि त्यातली पक्ष्याची परीक्षा जास्त कडक.

अमेरिकेत 1918 च्या कायद्याने स्थलांतरी पक्ष्यांची बाजारू शिकार बंद झाली. पुढे 1935 साली जिवंत बदकं आमिष म्हणून बांधण्यावरही बंदी आली. लाकडी बदकाचं काम कमी झालं तसा त्याचा तोरा वाढला. मेरीलँडमधल्या क्रिसफिल्ड गावातले लेम आणि स्टीव्ह वॉर्ड हे दोघे भाऊ धंद्याने न्हावी. दुकानात गिऱ्हाईक नसलं की बदकं. स्टीव्ह आकार काढायचा, लेम रंगवायचा. त्यांच्या नावाने 1968 साली संस्था उभी राहिली आणि 1971 पासून लाकडी पक्ष्यांची जागतिक स्पर्धा भरायला लागली. मॅसॅच्युसेट्सचा एल्मर क्रॉवेल त्यांच्या आधीचा. त्याने केलेलं पंख साफ करणारं एक तलवार बदक आणि एक हंस 2007 साली प्रत्येकी 11 लाख डॉलरपेक्षा जास्त किमतीला गेले. शिकाऱ्याच्या गोणीत कोंबून नेण्याची वस्तू, तिची ही किंमत.



आता प्रत्यक्ष तितर.

साधा राखी तितर साधारण 33 सेंटीमीटर लांब. गळा फिकट बदामी, त्याच्याभोवती काळ्या रेघेचा बारीक गोफ. पाठीवर आणि पोटावर आडव्या रेघांचं दाट जाळं, शेपटीच्या कडा तांबूस, पाय लालसर आणि नराच्या पायाला मागून आर. आधी त्याची बाजूने आणि वरून अशी दोन चित्रं खऱ्या मापात कागदावर काढायची. ही चित्रं चुकली तर पुढचं सगळं वाया.

लाकूड कोणतं? यवतमाळचा साग नावाजलेला, पण या कामाला तो फारसा सोयीचा नाही. जड, तेलकट, आणि त्याच्या ठळक रेघा रंगाखालूनही डोकं वर काढतात. शिवण बरी. हलकी, वाळल्यावर वाकडी होत नाही, उलत नाही, पटाशीला साथ देते. म्हणूनच खेळण्यांना आणि वाद्यांना ती पूर्वापार वापरतात. परदेशातले कोरणारे बासवूड किंवा दलदलीत वाढणारं टुपेलो वापरतात, त्याच गुणांसाठी. ठोकळा कापताना लाकडाचा उभा धागा चोचीच्या दिशेने राहील असा बेत ठेवायचा. धागा आडवा गेला तर चोच पहिल्याच धक्क्याला मोडते. काही जण याच भीतीने डोकं वेगळ्या तुकड्यातून करून मागाहून बसवतात. मानेला हवा तसा बाक देता येतो, हा आणखी एक फायदा.

ठोकळ्यावर मधोमध एक रेघ मारतात आणि ती शेवटपर्यंत पुसू देत नाहीत. कापताना पुसली गेली की लगेच पुन्हा मारायची. नवखा माणूस एका बाजूने पक्षी पुरा करत नेतो आणि मग दुसरी बाजू तशी होता होत नाही. वाकसाने मोठा माल काढायचा, पटाशीने आकार, मग कानस. या टप्प्यावर पीस एकही नसतं, तरी दोन पावलांवरून तो तितर वाटायला हवा. वाटला नाही तर पिसं कोरून काही उपयोग नाही.

पायांची जागा हा पुढचा फसवा भाग. पक्ष्याचा जो सांधा आपल्याला मागे वळलेला गुडघा वाटतो ती खरं म्हणजे त्याची टाच. गुडघा वर, पिसांच्या आत दडलेला असतो. हे ध्यानात आलं की पाय कुठून निघतात ते कळतं. पाय फार मागे लावले तर पक्षी तोंडावर पडेल असा दिसतो, फार पुढे लावले तर मागे रेलल्यासारखा. दोन्ही पावलांच्या मधोमध शरीराचा भार यायला हवा. पाय स्वतः लाकडाचे करत नाहीत, मोडतील. पितळी तार वाकवून तिच्यावर एपॉक्सी पुट्टीचा थर देतात आणि ओला असतानाच खवले उठवतात.

पिसं उठवण्याच्या आधी ती पेन्सिलीने गटवार आखून घ्यायची. खांद्यावरची, पंख झाकणारी, आणि पंखाच्या टोकाकडची दहा मोठी, ज्यांच्यावर उडण्याचा भार असतो. तितर बसलेला असताना ही दहा जवळजवळ दिसतच नाहीत, वरच्या पिसांखाली जातात. दिसत नाहीत म्हणून विसरली, तर पंखाची कडा फुगीर होते. मोराचंही असंच. ज्याला सगळे शेपूट म्हणतात तो पिसारा खरं तर शेपटीवरचा झाकण-पिसांचा वाढलेला भाग. वीस पिसांची खरी शेपटी त्याच्या मागे, पिसाऱ्याला आधार देत उभी. नाचणारा मोर मागून पाहिला की लगेच कळतं. पण मोराचं चित्र मागून काढायला कोण बसतो?

गटातलं प्रत्येक पीस पटाशीने थोडं उचलून घेतल्यावर बारीक तापलेल्या टोकाच्या पेनने त्याच्यावर रेघा भाजतात. मधल्या दांडीपासून बाहेर, किंचित वळत, एकमेकींना लागून पण एकमेकींवर न चढता. एका सेंटीमीटरात अशा कितीतरी रेघा बसवाव्या लागतात. जळक्या लाकडाचा वास, वाकलेली मान, आणि दिवसभरात होतो तो पंखाचा एक कोपरा. हा भाग सगळ्यांत वाखाणला जातो. खरं सांगायचं तर कंटाळा न येणाऱ्या माणसाला तो शिकवता येतो. मानेचा बाक तसा शिकवता येत नाही.

डोळे काचेचे. खोबणीत पुट्टी भरून बसवतात आणि पापणीची कड बारीक वळीने उठवतात. दोन डोळे एका पातळीत आले नाहीत तर सगळी मेहनत फुकट. रंग पाण्यासारखा पातळ करून थरावर थर. एका हातात काळी रेघ ओढली तर ती रेघच राहते, पिसाची होत नाही. तितराच्या छातीवरची प्रत्येक आडवी रेघ पिसागणिक किंचित तुटते, पुढच्या पिसावर थोडी सरकून पुन्हा सुरू होते. रंगवणाऱ्याने ती सलग ओढली की पक्ष्याने सदरा घातल्यासारखं दिसतं. वरून वार्निश द्यायचा मोह आवरायचा.



हे सगळं करायला पक्षी पाहायचा कुठे? पूर्वी उत्तर सोपं होतं: मारायचा आणि टेबलावर ठेवायचा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं आणली आणि 1991 च्या दुरुस्तीने परवान्याने होणारी शिकारही बंद केली. रस्त्यात मेलेला तितर उचलून घरी आणणंसुद्धा या कायद्यात बसत नाही. मोराची आपोआप गळलेली पिसं हा त्यातला अपवाद. मग उरतात ते फोटो, दुर्बीण, धुऱ्यावर बसून घालवलेल्या सकाळी आणि मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या जुन्या संस्थांमध्ये जपलेले नमुने. लाव्याची ठेवण पाहायची तर पोल्ट्रीत पाळला जाणारा जपानी लावा चालतो. जात वेगळी, पण बसणं, दचकणं, मान आत ओढणं तेच.

कायद्याने आणखी एक गोष्ट झाली. भिंतीवर, कपाटावर पेंढा भरलेला पक्षी ठेवण्याची हौस संपली आणि ती जागा लाकडी पक्ष्याला मोकळी झाली. पेंढा भरलेल्या पक्ष्यापेक्षा चांगला लाकडी पक्षी जिवंत वाटतो, असं मानणारे पुष्कळ आहेत आणि त्यात तथ्य आहे. कातडं आकसतं, पिसांना कीड लागते, रंग उतरतो. लाकडाला मान कशी वळवायची हे करणाऱ्याला ठरवता येतं.

आणि आता चक्र उलटं फिरलं आहे. पक्ष्यांना मृत्यूच्या जागी बोलावणारी सोंगं त्यांना जगायला बोलावण्यासाठी वापरली जातात. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या ईस्टर्न एग रॉक या बेटावरचे पफिन पक्षी शिकारीने एकोणिसाव्या शतकातच संपवले होते. स्टीफन क्रेस या तरुण संशोधकाने 1973 पासून कॅनडातल्या न्यूफाउंडलंडहून पिल्लं आणून तिथे वाढवायला सुरुवात केली. पिल्लं मोठी होऊन समुद्रावर गेली, पण परत बेटावर उतरायला बिचकत. ओसाड खडकावर एकट्याने कोण उतरणार? तेव्हा 1977 साली त्याने खडकांवर लाकडी पफिन उभे केले. पक्षी त्यांच्या शेजारी येऊन बसायला लागले, काही तर चोचीला चोच लावून पाहायचे. 1981 साली तिथे पुन्हा घरटी झाली. न्यूझीलंडच्या माना बेटावर याच हेतूने सिमेंटचे ऐंशी गॅनेट पक्षी ठेवले होते. तिथे एक खरा गॅनेट आला. लोकांनी त्याचं नाव नायजेल ठेवलं. त्याने एका सिमेंटच्या मादीशी संसार मांडला, तिच्यासाठी घरटं केलं आणि 2018 साली तिच्याच शेजारी मेला. पुतळा जास्तच चांगला झाला होता, असं म्हणायचं.

आपल्याकडे हे काम माळढोकापर्यंत येऊन पोचलं आहे. इंग्रजी अमदानीत शिकाऱ्यांना ज्या पक्ष्याचा मोठा हव्यास होता तो हा. राजूरहून वर्धा नदी ओलांडली की पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातला वरोरा तालुका. तिथल्या माळांवर आणि शेतांत या शतकाच्या सुरुवातीलाही माळढोक दिसल्याच्या नोंदी आहेत. नान्नजला त्याच्यासाठी 1979 साली अभयारण्य झालं, तरी महाराष्ट्रात हा पक्षी आता संपल्यात जमा. राजस्थानात जैसलमेरच्या प्रजनन केंद्रांत त्यांची वीण वाढवण्याचा प्रयत्न चालू आहे. तिथल्या एका नराला महिनोन्‌महिने नकली मादीची सवय लावून त्याचं वीर्य मिळवलं गेलं आणि कृत्रिम रेतनातून ऑक्टोबर 2024 मध्ये पिल्लू जन्माला आलं. माळढोकाच्या बाबतीत असं पहिल्यांदाच घडत होतं.

माळढोकाचा नर मीटरभर उंच आणि मादी त्याच्यापेक्षा बरीच लहान, त्यामुळे नर पाहून काढलेल्या मापावरून मादी करता येत नाही. दोघांचे आराखडे वेगळे लागतात. पूर्ण मापाचा नर एका ओंडक्यातून काढायचा तर तेवढ्या जाडीची, गाठ नसलेली, नीट वाळलेली शिवण आज आरा मशीनवर सहजी मिळणार नाही. तो निर्मलच्या नक्काशांसारखा जोडूनच करावा लागेल. धड दोन फळ्यांचं, मान वेगळी, आणि पाय मात्र पितळेच्या जाड सळईचे, प्रत्येकाला तीनच बोटं. माळढोकालाही मागचं बोट नसतं.